इतर काही?

आमच्या माहेरच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं नाव ‘गोतावळा’. गेल्या आठवड्यात भाचीने त्यावर एक प्रश्न टाकला. टाकला कसला, चुकून पडला. तो मला एकटीला यायचा होता. ‘मावशी, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची लस घ्यायचीय. पीसीओडीच्या त्या गोळ्या चालू आहेत. चालेल ना?’ चूक लक्षात येऊन तिने तो पुसेपर्यंत मिनिटभर गेलं असेल. तेवढ्यात तीन उत्तरं येऊन पडली होती. मोठ्या मामांनी नेहमीप्रमाणे हात जोडले. धाकट्या मामींनी लिहिलं, ‘आधी गोळ्या बंद कर, अंग साफ होऊ दे, मग बघू.’ आणि आमचा आतेभाऊ, ज्याचं इलेक्ट्रिकचं दुकान आहे आणि म्हणून ज्याला सगळ्यांचंच वायरिंग कळतं, त्याने एक मेसेज पुढे ढकलला: मुलींनी पाळीच्या आधी पाच दिवस आणि नंतर पाच दिवस कुठलीही लस घेऊ नये, त्या काळात प्रतिकारशक्ती कमी असते.

मेसेज पाहताक्षणी ओळखला. जुनी ओळख आहे आमची. २०२१च्या एप्रिलमध्ये आला होता तेव्हा तो कोविडच्या लशीबद्दल होता. आता ‘कोविडची’ खोडून ‘कुठलीही’ केलंय. बाकी मजकूर, लाल उद्गारचिन्हं आणि ‘जास्तीत जास्त भगिनींपर्यंत पोचवा’ हे सगळं जसंच्या तसं. लोकांनी बूस्टर डोस घेतला की नाही माहीत नाही, या मेसेजने मात्र वेळच्या वेळी घेतलाय.

तेव्हा केंद्र सरकारच्या पीआयबीला जाहीर करावं लागलं होतं की हा मेसेज खोटा आहे. १ मेपासून अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना लस खुली होणार होती आणि नेमक्या त्याच तोंडावर हे पिल्लू सुटलं. खरं तर ते खोटं आहे हे कळायला सरकार लागत नाही, बोटं मोजता आली तरी पुरे. आधीचे पाच, मधले पाच, नंतरचे पाच. अर्धा महिना गेला. उरलेल्या अर्ध्यात कोविनवर स्लॉट दिसायला हवा, ओटीपी यायला हवा, आणि ओटीपी येईपर्यंत स्लॉट राहायला हवा. आणि माझ्यासारखीने काय करायचं? मी तेव्हा शेहेचाळीसची. पाळी एकदा विसाव्या दिवशी यायची, एकदा सत्तावन्नाव्या. त्यात ‘आधीचे पाच दिवस’ कुठून मोजायला घ्यायचे? ज्या बाईला पाळीच्या आधीचे पाच दिवस ओळखू येतात, ती गोळ्या कशाला खाईल?

या एका गोष्टीला आपल्याकडे नावं तरी किती. अडचण. बाहेरची. चार दिवस. डेट. एमसी. प्रॉब्लेम. कावळा शिवला. खरं नाव सोडून बाकी सगळी. माझ्या बाबतीत त्यातलं कावळ्याचंच जास्त खरं होतं, फक्त तो कावळा पितृपक्षातला. पान वाढून गच्चीवर ठेवा, काव काव करा, गेलेल्याची कुठली इच्छा राहिली ते आठवा, तो काही शिवायचा नाही. आणि ध्यानीमनी नसताना, ऑफिसात ऑडिट लागलेलं असताना, पांढरी सलवार घातलेली असताना, हजर. शेवटी आमच्या डॉक्टरीणबाईंनी महिन्यातून दहा दिवस घ्यायची प्रोजेस्टेरॉनची गोळी दिली. तिचं काम सरळ आहे. गोळी चालू असेपर्यंत ती गर्भाशयाचं अस्तर धरून ठेवते. गोळ्या संपल्या की काही दिवसांत ते सुटतं आणि पाळी येते. कावळा शिवतच नाही म्हटल्यावर आपण दर्भाचा करून शिववतो, तसं. दर्भाचा असला तरी वेळेवर यायचा, माझी तक्रार नव्हती.

जूनच्या सतरा तारखेचा स्लॉट मिळाला. मिळाल्याच्या आनंदात मी ते जिन्यात बोलले, तिथे चुकलं. समोरच्या वहिनी म्हणाल्या, ‘तुम्हाला त्या हार्मोनच्या गोळ्या चालू आहेत ना? त्यावर लस? रिॲक्शन येईल हो.’ मी बी.कॉम., तेवीस वर्षं बँकेत दुसऱ्यांच्या सह्या तपासण्यात घालवलेली, कागद हलवून पाहिल्याशिवाय चेक पास न करणारी. घरात गेले आणि सहाव्या दिवशी गोळ्या बंद केल्या. का? तर वहिनींचा आवाज ठाम होता.

सोळा तारखेला सकाळी व्हायचं ते झालं. नुसतं झालं नाही, धो धो झालं. दुपारी जिन्यात वहिनी भेटल्या. चेहरा बघूनच म्हणाल्या, ‘बघा, मी सांगितलं होतं. लशीचा परिणाम.’

‘अहो वहिनी, लस उद्या आहे.’

‘तेच ना! शरीराला आधीच कळतं.’

जगातला, लस घेण्याच्या आदल्या दिवशी झालेला पहिला साइड इफेक्ट बहुधा माझ्या नावावर लागावा.

डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, ‘गोळी कोणी बंद करायला सांगितली?’ म्हटलं, शेजारच्या वहिनींनी. ‘मग पाळीही त्यांनाच दाखव.’ मग आवाज जरा खाली आणून त्यांनी सांगितलं ते एवढंच: गोळी मध्येच सोडली की रक्तस्राव होणार, तो गोळी सोडल्याचा, लशीचा नव्हे. लस आणि ही गोळी एकमेकींच्या वाटेत येत नाहीत. उद्या लस घे. पाळी चालू असली तरी घे. पॅड तासाला एक भिजायला लागलं किंवा आठवडा उलटून थांबलं नाही तर फोन कर, रात्री दोन वाजता असला तरी कर. सगळा कॉल सव्वा मिनिटाचा. सव्वा मिनिटात जे कळलं ते कळायला मला एप्रिलपासून जून लागला होता, कारण त्या दोन महिन्यांत मी त्यांना सोडून बाकी सगळ्यांना विचारत होते.

माझ्या भाषेत सांगायचं तर ही दोन खाती वेगवेगळ्या शाखांतली. लस दंडात जाते आणि प्रतिकारशक्तीला चोराचा फोटो दाखवून ठेवते. गोळीतला हार्मोन गर्भाशयाच्या अस्तराचं वेळापत्रक सांभाळतो. एकीकडे पैसे काढले म्हणून दुसरीकडे शिल्लक कमी होत नाही. आता दोन शाखांत एकमेकींना फोनच जात नाहीत असंही नाही, त्याकडे येते.

लसीकरण केंद्र महापालिकेच्या शाळेत. बालवाडीचा वर्ग, भिंतीवर फळांचा तक्ता, आणि पहिलीतल्या मुलांसाठी केलेल्या बाकांवर गुडघे छातीशी घेऊन बसलेले आम्ही सगळे पंचेचाळीसच्या पुढचे. टेबलापाशी एक तरुण मुलगी, फेसशील्डमागे घामाने डबडबलेली, सकाळपासून दोनशे जणांना तेच विचारून तिचा आवाज रेल्वेच्या घोषणेसारखा झालेला. ‘बीपी, शुगर, दमा, ॲलर्जी, इतर काही?’ सगळं एका दमात. उत्तर देण्याआधी ‘नेक्स्ट’ येईल की काय असं वाटायचं.

माझ्या मागे एक गृहस्थ, इतके जवळ की त्यांच्या मास्कमधला कांद्याचा वास मला येत होता. मी पुढे वाकून म्हटलं, ‘गोळ्या चालू होत्या.’

‘कसल्या?’

‘त्या… लेडीज.’

‘काय?’

‘लेडीज प्रॉब्लेमच्या.’

तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं, मग रजिस्टरकडे. लेडीज प्रॉब्लेमचा रकाना नव्हता. मग एकदम काहीतरी आठवल्यासारखं खणखणीत आवाजात विचारलं, ‘प्रेग्नंट नाही ना? शेवटची पाळी कधी आली?’ गरोदर बायकांना लस द्यायला तोवर परवानगी मिळाली नव्हती, ती २ जुलैला आली, त्यामुळे तिने विचारलं ते योग्यच होतं. मी शेहेचाळीस वर्षांची, मागे कांदा. मी म्हटलं, ‘काल.’ तिने रजिस्टरवर ‘नो’ लिहिलं. सगळ्या वर्गाला माझी तारीख कळली आणि माझ्या गोळ्यांची नोंद कुठेही झाली नाही.

लस टोचली. अर्धा तास बसवलं. दंड दुखला, रात्री कणकण आली, सकाळी गेली. पुढची पाळी मात्र हटकून चार दिवस उशिरा आली आणि सहा दिवसांच्या जागी नऊ दिवस राहिली. आता हे कशाने? लशीने, की मी सहाव्या दिवशी गोळ्या सोडून घातलेल्या घोळाने, की शेहेचाळिशीने? माझी पाळी मुळातच अशी की तिची हजेरी बिघडली हे सिद्ध करायला आधी ती कधीतरी नीट असायला हवी होती.

हाच प्रश्न जगभर बायका विचारत होत्या. ब्रिटनमध्ये औषधांच्या दुष्परिणामांची तक्रार नोंदवण्याची सरकारी सोय आहे. सप्टेंबर २०२१पर्यंत तिथे लशीनंतर पाळी बदलल्याच्या ३०,०००च्या वर नोंदी झाल्या. अमेरिकेत केट क्लॅन्सी नावाच्या मानववंशशास्त्रज्ञ बाईंना स्वतःच्या पाळीत फरक जाणवला, त्यांनी तो उघडपणे लिहिला, आणि उत्तरादाखल बायकांचा पूर लोटला. शास्त्रज्ञ चक्रावले, कारण लशींच्या चाचण्यांमध्ये ताप विचारला होता, अंगदुखी विचारली होती, इंजेक्शनच्या जागी किती सेंटिमीटर लाल झालं तेही मोजलं होतं. पाळीचं विचारलं नव्हतं. हजारो बायका त्या चाचण्यांमध्ये होत्या. ती गोष्ट तिथेही ‘इतर काही’मध्येच राहिली.

आणि हे आता सुचायला हवं होतं असंही नाही. टायफॉइडच्या लशीने पाळीवर काय होतं यावर अमेरिकेतल्या वैद्यकीय मासिकात एक निबंध छापून आला होता तो १९१३ साली. म्हणजे २०२१च्या एकशे आठ वर्षं आधी हे कोणाला तरी विचारावंसं वाटलं होतं. मग मधल्या काळात माणूस चंद्रावर जाऊन आला.

पुढे अभ्यास झाले. ॲलिसन एडलमन आणि सहकाऱ्यांचा पहिला मोठा अभ्यास जानेवारी २०२२मध्ये आला. ३,९५९ बायकांच्या पाळीच्या नोंदी तपासल्या. निष्कर्ष असा की लशीनंतर पाळीचं चक्र सरासरी एका दिवसाहूनही कमी लांबतं आणि थोड्या काळात पूर्वपदावर येतं. दोन्ही डोस एकाच चक्रात घेतले असतील तर थोडं जास्त. कारणही समजण्यासारखं आहे: प्रतिकारशक्ती जागी झाली की तिचे निरोप मेंदूपासून अंडाशयापर्यंतच्या साखळीलाही ऐकू जातात, आणि गर्भाशयाच्या अस्तरात तर प्रतिकारशक्तीच्या पेशी मुक्कामालाच असतात. मघाशी म्हटलं ना, शाखांत फोन होतात ते असे. खाती तरीही वेगळीच राहतात.

मी तो अभ्यास मोठ्या आशेने वाचायला घेतला आणि तिसऱ्या मिनिटाला थांबले. त्यात कोणाला घेतलं होतं? जिचं चक्र २४ ते ३८ दिवसांत नियमित फिरतं तिला. हार्मोनच्या गोळ्या घेणारीला घेतलं नव्हतं. म्हणजे अनियमित पाळीवाली बाद, आणि त्यासाठी गोळ्या खाणारी दोनदा बाद. त्यांचं म्हणणं मला पटतं; घड्याळ अर्धा मिनिट मागे पडलं का हे बघायचं तर ते आधी बरोबर चालत असायला हवं. पण शाळेत ज्याला गणित येत नाही त्यालाच मास्तर फळ्यापाशी बोलवायचे नाहीत, तसं वाटलं.

आमची दखल घेतली ती त्याच क्लॅन्सीबाई आणि कॅथरीन ली या दोघींनी. त्यांच्या पाहणीत ३९,०००वर लोकांनी उत्तरं दिली, आणि ती जुलै २०२२मध्ये छापून आली. ज्यांना एरवी पाळी येतच नाही अशांनाही त्यांनी विचारलं. दीर्घ मुदतीचं गर्भनिरोधक बसवलेल्यांपैकी ७१ टक्के, आणि पाळी कायमची गेलेल्यांपैकी ६६ टक्के जणींनी लशीनंतर मध्येच रक्त गेल्याचं सांगितलं. आता हे आकडे बँकेच्या नजरेने वाचायचे: ज्यांना काही झालं त्याच फॉर्म भरायला धावतात, त्यामुळे यावरून ‘शंभरातल्या इतक्या जणींना होतं’ असं म्हणता येत नाही, आणि तसं त्या दोघींनीही म्हटलेलं नाही. पण ‘मला वाटलं मी एकटीच’ असं म्हणणाऱ्या कितीजणी होत्या ते मात्र कळतं. एक घाबरवणारी गोष्टही त्यातून कळते. पाळी गेल्यावर वर्ष-दोन वर्षांनी अचानक रक्त दिसलं की ते लशीवर ढकलून गप्प बसायचं नसतं, दाखवायचं असतं. पण ज्या घरात हा शब्दच निघत नाही तिथे ढकलायला लस बरी सापडते.

आता कुलकर्णीकाका. तिसरा मजला, निवृत्त, रोज दहा सिगरेटी. २०२१च्या मार्चमध्ये युरोपातल्या काही देशांनी ॲस्ट्राझेनेकाची लस थांबवली, तीच आपली कोविशील्ड, तेव्हापासून काका ‘गुठळ्या’ या शब्दाचे विश्वस्त झाले. भाची तेव्हा आमच्याकडे राहायची, एकविशीतली, पीसीओडीसाठी एस्ट्रोजेनवाली गोळी चालू. काकांनी तिला लिफ्टमध्ये गाठलं. ‘बेटा, त्या गोळ्यांनी गुठळ्या होतात, लशीने गुठळ्या होतात. दोन्ही एकत्र म्हणजे काय होईल, विचार कर.’ सिगरेट हातातच होती. एस्ट्रोजेनची गोळी आणि सिगरेट एकत्र म्हणजे काय होतं, विशेषतः पस्तिशीनंतर, ते डॉक्टर खरोखर विचारतात. पण ते काकांच्या विषयात बसत नव्हतं.

काकांचं अर्धं बरोबर होतं, म्हणून तर ऐकायला भीती वाटते. एस्ट्रोजेनच्या गोळीने शिरेत गुठळी होण्याचा धोका वाढतो. गोळी न घेणाऱ्या १०,००० बायकांत वर्षाला साधारण २ जणींना होते, घेणाऱ्यांत गोळीच्या प्रकारानुसार ५ ते १२ जणींना. लशीनंतरच्या त्या दुर्मीळ गुठळ्याही खऱ्या. ७ एप्रिल २०२१ला युरोपच्या औषध नियामकाने त्या अतिदुर्मीळ दुष्परिणाम म्हणून जाहीर केल्या आणि ब्रिटनने तिशीच्या आतल्यांना दुसरी लस देऊ केली. आपल्याकडच्या समितीने मे महिन्यात अशी संभाव्य २६ प्रकरणं मोजली, दहा लाख डोसांमागे ०.६१. पण दोन्ही गुठळ्यांचं गोत्र वेगळं. गोळीने रक्त गोठवणारे घटक वाढतात. लशीच्या प्रकरणात शरीर स्वतःच्याच रक्तातल्या एका प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं आणि प्लेटलेट्स घटतात. एकीची बेरीज दुसरीत होते असं दिसलं नाही, म्हणून ब्रिटनमधल्या या क्षेत्रातल्या डॉक्टरांच्या संस्थेनेही सांगितलं की लशीसाठी गोळ्या थांबवू नका. आणि गुठळीचा धोका गोळीपेक्षाही जास्त कशाने वाढतो ठाऊक आहे? गरोदरपणाने आणि बाळंतपणाने. ‘लग्नाला दोन वर्षं झाली, आता मूल नको गं, गुठळी होईल’ असं काका कोणाला लिफ्टमध्ये म्हणाल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

भाचीने जुलैमध्ये खासगी दवाखान्यात ७८० रुपये भरून लस घेतली, गोळी न चुकवता. २०२४च्या एप्रिलमध्ये, कंपनीने ब्रिटनच्या न्यायालयात गुठळ्यांची कबुली दिली अशी बातमी आली, तेव्हा काकांनी सोसायटीच्या ग्रुपवर ‘मी म्हणालो होतो’ असं लिहिलं. युरोपचा नियामक तीन वर्षं आधी म्हणाला होता, पण त्याचा नंबर ग्रुपवर नाही.

गमतीचं नाही असं एकच सांगते. २०२१च्या जूनअखेरीस देशात पुरुषांना १००० डोस मिळाले होते तेव्हा बायकांना ८५६. याला कारणं बरीच. फोन नवऱ्याच्या खिशात, केंद्र दोन बस पलीकडे, रोजगार बुडतो, घरात आधी कर्ता. त्यात आपला पाच-अधिक-पाचवाला मेसेज, कर्त्याच्याच फोनवर आलेला.

भाचीला यावेळी काय सांगितलं ते सांगते, म्हणजे विषयाला धरून राहील. चालेल. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या या लशीच्या चाचण्यांमध्ये हार्मोनच्या गोळ्या घेणाऱ्या हजारो तरुणी होत्या, त्यांच्यात प्रतिकारशक्ती तशीच तयार झाली. गोळी सोडू नकोस, डॉक्टरला गोळीचं नाव सांग, डोकं अर्धं दुखून डोळ्यांपुढे चमकायला लागत असेल तर तेही सांग; ते लशीसाठी नव्हे, गोळीसाठी. तिने लिहिलं, ‘ओके.’ नंतर: ‘मामींना काय सांगू?’ याचं उत्तर माझ्याकडे नाही.

तर माझा दुसरा डोस. कोविशील्डचं अंतर तोवर बारा आठवडे झालेलं. १७ जूनपासून चौऱ्याऐंशी दिवस मोजा, ९ सप्टेंबर येतो. हरतालिका. दुसऱ्या दिवशी गणपती, बाराला गौरी. सासूबाईंनी आठवडाभर आधीच विषय काढला. ‘अगं, गौरी यायच्यात. तुझं काही सांगता येत नाही. त्या पुढे ढकलायच्या गोळ्या आणून ठेव.’ आणि तोच श्वास पुढे नेत, ‘आणि ती लस मात्र गणपती झाल्यावर घे बाई. सणाच्या तोंडावर अंगात भलतंसलतं काही जायला नको.’

त्या पुढे ढकलायच्या गोळ्या म्हणजे नॉरएथिस्टेरॉन, ५ मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा. तोही हार्मोनच, आणि या मात्रेत त्यातला थोडासा शरीरात एस्ट्रोजेन होतो, म्हणून आधी कधी गुठळी झालेलीने तो घ्यायचा नसतो. दुकानदार काय विचारतो? ‘किती दिवसांचं फंक्शन आहे, ताई?’ सत्यनारायण असेल तर अर्धी पट्टी, लग्न असेल तर पूर्ण, अष्टविनायक असेल तर दोन. वर्तमानपत्रात गुंडाळून काळ्या पिशवीत. चिठ्ठी नाही, रिॲक्शन नाही, वहिनी गप्प, काका गप्प. गौरींचं नाव काढलं की गुठळ्याही भीतीने विरघळत असाव्यात.

मी डॉक्टरीणबाईंना फोन केला. या वेळी आधी केला. त्या म्हणाल्या, दुसरी कुठलीही गोळी आणू नकोस, चालू आहे तीच चार दिवस पुढे ने, आणि लस ठरल्या दिवशीच घे. सासूबाईंना मी यातलं अर्धंच सांगितलं. गौरींचं.

नऊ तारखेला शाळेत गेले. तीच बालवाडी, तोच तक्ता, तीच मुलगी. रांगेत अर्ध्या बायका उपाशी, डोक्यात गजरे, हातात रात्री काढलेली मेंदी. मैदानावर मार्चपासून रंगवलेली पांढरी वर्तुळं, ज्यात आजवर एक कुत्रा सोडून कोणीही उभं राहिलेलं मी पाहिलं नव्हतं. माझ्यामागे पुन्हा एक गृहस्थ, पुन्हा मानेवर श्वास.

‘बीपी, शुगर, दमा, ॲलर्जी, इतर काही?’

काउंटर बंद व्हायला पाच मिनिटं असताना खातेदारांशी ज्या आवाजात बोलते, त्या आवाजात मी म्हटलं, ‘पाळीच्या गोळ्या चालू आहेत. हार्मोनच्या.’

मागचे गृहस्थ दोन पावलं मागे सरले. त्यांना जागा द्यायला त्यांच्यामागचे सरले. रांग शेपटीपर्यंत सैल झाली आणि बघता बघता एकेक पुरुष आपापल्या पांढऱ्या वर्तुळात जाऊन उभा राहिला, मोबाइलमध्ये मान घालून.

बाजूच्या बाकावरून एक बाई उठून आली. ‘ताई, कुठल्या गोळ्या? माझ्या मुलीला पण आहेत.’ तिच्यामागून दुसरी: ‘बंद नाही ना करायच्या? मी आठ दिवसांपासून बंद केल्यात.’ तिसरीने काही विचारलं नाही, नुसती येऊन ऐकत उभी राहिली. टेबलावरच्या मुलीने पेन खाली ठेवलं, फेसशील्ड वर केलं आणि पहिल्यांदा तिचा रेल्वेचा नसलेला आवाज ऐकू आला. ‘मॅडम, मला तीन महिने आलीच नाहीये. कोणाला दाखवू?’ आम्ही पाच-सहाजणी टेबलावर वाकलो होतो, गजऱ्यांचे वास एकमेकींत मिसळलेले, आणि मी एका जुन्या स्लिपच्या मागे डॉक्टरीणबाईंचा नंबर लिहीत होते, तेवढ्यात फाटकावरचा सुरक्षारक्षक शिट्टी मारत धावत आला.

‘ओ बायांनो, काय चाललंय? अंतर पाळा, अंतर!’

पुरुष केव्हाचे पाळत होते.